आर्णीजवळची सात आसनी गाडी आणि पुण्याचे ईसीएम : वायरिंग जुळवणीचे एक प्रकरण

गेल्या डिसेंबरात कापसाचा दुसरा वेचा सुरू असताना यवतमाळ जिल्ह्याच्या आर्णी तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाची पेट्रोलवर चालणारी सात आसनी गाडी पहाटेच्या थंडीत चालू झाली नाही. बॅटरी उतरली होती. शेजारी उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून करंट देण्याचे ठरले आणि त्यासाठी विहिरीवरच्या मोटारपंपाच्या जुन्या केबलचे दोन तुकडे सोलून घेतले गेले. दोन्ही तुकडे काळेच होते, ट्रॅक्टरच्या बॅटरीवरील अधिक-उणे खुणा ग्रीस आणि धुळीखाली गेल्या होत्या, आणि अंधारात वायरी उलट्या लागल्या. दुसऱ्या दिवशी मालकांनी मला फोनवर सांगितले, "भाऊ, वायर टेकवली अन् जाळ निंघाला. तवापासून सेल्फबी घेत नाई." सेल्फ न घेण्याचे कारण तासाभरात सापडले. गाडी रस्त्यावर यायला मात्र सव्वादोन महिने गेले. ही नोंद त्या सव्वादोन महिन्यांतल्या कामाची आहे.

बॅटरी उलटी जोडली की पहिला घाव अल्टरनेटरवर पडतो. त्यातील डायोड एकाच दिशेने करंट जाऊ देतात. उलट्या जोडणीत नेमकी तीच दिशा मोकळी होते आणि बॅटरीचा सारा जोर त्यांच्यातून वाहतो. या गाडीत डायोडची प्लेट जळाली होती आणि मुख्य फ्यूज वितळला होता. दोन्ही बदलल्यावर सेल्फ व्यवस्थित फिरू लागला, पण इंजिन पेटले नाही. चावी फिरवल्यावर 'चेक इंजिन'चा दिवा जो क्षणभर लागायला हवा, तोही लागत नव्हता.

अशा वेळी "ईसीएम गेले" असे सांगून मोकळे होण्याची रीत आमच्या गाडीदुरुस्तीच्या व्यवसायात फार रुळली आहे आणि ती मला मान्य नाही. इंजिनाचे नियंत्रण करणारे हे एकक मेलेले असले तरी गप्प असते आणि त्याला पुरवठा किंवा अर्थ (बॅटरीच्या उणे टोकाशी जोडणी) मिळत नसला तरीही गप्पच असते. म्हणून आधी त्याच्या कपलरवर, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगवर, मीटर लावून कायमच्या पुरवठ्याची वायर तपासली, तिथे १२.५ व्होल्ट मिळाले. चावीच्या वायरवर १२.३ व्होल्ट मिळाले. सेल्फ फिरत असताना अर्थच्या वायरी आणि बॅटरीचे उणे टोक यांच्यातला फरक ०.१ व्होल्टच्या आत राहिला. म्हणजे खाद्य पोहोचत होते. सेन्सरांना ईसीएमकडून मिळणारा ५ व्होल्टचा पुरवठा मात्र शून्य होता. एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला तर तोही हे ५ व्होल्ट खाली ओढतो, त्यामुळे एकेक सेन्सरचा कपलर काढत प्रत्येक वेळी पुन्हा मोजले. शेवटचा कपलर निघाला तरी मीटर शून्यावरच राहिले. स्कॅनरलाही उत्तर येत नव्हते. त्यानंतरच ईसीएमची डबी उघडली. पुरवठ्यावरील संरक्षक डायोड फुटला होता आणि त्याच्या शेजारची तांब्याची पट्टी काळी पडून उचलली गेली होती. नागपूरला बोर्ड दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने डायोड, पट्टी आणि व्होल्टेज नियामक बदलून दिले. ५ व्होल्ट परत आले, परंतु मुख्य प्रोसेसर बोललाच नाही. ईसीएम निकामी झाल्याचे मी मालकांना या टप्प्यावर लिहून दिले, त्याआधी नाही.

त्याच क्रमांकाचे दुसरे ईसीएम शोधण्यात पुढचे तीन आठवडे गेले आणि ते मिळाले नाही. मिळाले ते त्याच मॉडेलच्या, त्याच इंजिनाच्या, २०१४ सालच्या आणि अपघातात मोडीत निघालेल्या पुण्याच्या गाडीचे. इथे थोडे मागे जाणे आवश्यक आहे, कारण या प्रकरणाची खरी गाठ तिथेच आहे. १ एप्रिल २०१० पासून देशातील १३ शहरांत भारत स्टेज ४ हे उत्सर्जन मानक लागू झाले आणि उरलेल्या देशात त्याच वर्षी भारत स्टेज ३. महाराष्ट्रातून त्या १३ शहरांत मुंबई, पुणे आणि सोलापूर होते. नागपूर नव्हते, यवतमाळचा तर प्रश्नच नव्हता. संपूर्ण देशाला स्टेज ४ लागू व्हायला १ एप्रिल २०१७ उजाडला. मधल्या सात वर्षांत एकाच नावाची, एकाच रंगाची गाडी पुण्यात विकली गेली तर तिच्यात एक ईसीएम असे आणि यवतमाळात विकली गेली तर दुसरे. त्यातही एप्रिल २०१३ पासून स्टेज ४ च्या गाड्यांना स्वतःच्या उत्सर्जन यंत्रणेवर लक्ष ठेवणारी ओबीडी-२ प्रणाली बंधनकारक झाली. आर्णीची गाडी २०१२ ची, स्टेज ३ ची, एका ऑक्सिजन सेन्सरची (तो धुरातला ऑक्सिजन मोजतो) आणि चोरी रोखणारा इमोबिलायझर नसलेली होती. पुण्याचे ईसीएम दोन ऑक्सिजन सेन्सर मागणारे, चावीतील चिप ओळखल्याशिवाय पेट्रोल न सोडणारे आणि ओबीडी-२ पाळणारे होते.

दोन्ही ईसीएमचा कपलर बाहेरून सारखाच होता. जुन्या वायरिंगचा कपलर नव्या डबीत 'टक्' आवाज करत बसला असता, आणि हीच गोष्ट मला सर्वांत धोक्याची वाटली. कपलर बसला म्हणजे वायरिंग जुळले, हा समज विदर्भातल्या अनेक गॅरेजांत मी पाहिला आहे आणि त्यापायी जळालेली ईसीएमही हाताळली आहेत. म्हणून पहिले पंधरा दिवस डबी गाडीजवळ नेलीच नाही. दोन्ही गाड्यांचे वायरिंग आराखडे समोर ठेवून एका लांब वहीत पिनांचा तक्ता केला : पिनेचे काम, जुन्या ईसीएमवरील जागा, नव्या ईसीएमवरील जागा, वायरीचा रंग आणि प्रत्यक्ष मोजमाप. रंगाचा रकाना मुद्दाम शेवटून दुसरा ठेवला. रंग ही कारखान्याची सोय असते, वर्ष बदलले की बदलते. वायर कुठून निघते आणि कुठे पोहोचते हे मीटरच सांगतो. बहुतांश पिना जागच्या जागी निघाल्या, काहींचे काम तेच पण जागा वेगळी होती, आणि काही कामे जुन्या गाडीत मुळात नव्हतीच. एका ठिकाणी जुन्या वायरिंगमधून चावीचे १२ व्होल्ट येत होते आणि नव्या ईसीएममध्ये तीच पिन सेन्सरांच्या परतीच्या अर्थची होती. कपलर तसाच लावला असता तर चावी फिरवताक्षणी दुसरे ईसीएमही हातचे गेले असते.

मूळ वायरिंग कापायचे नाही, हे सुरुवातीलाच ठरवले. भंगारातील गाडीचा कपलर वीतभर वायरींसह मिळाला होता आणि निकामी ईसीएमच्या डबीवरील पिनांचा पट्टा काढून घेता येत होता. या दोहोंच्या मध्ये नवे जोड-वायरिंग बनवले, म्हणजे जुना कपलर एका टोकाला बसेल, नवे ईसीएम दुसऱ्या टोकाला, आणि उद्या मूळ क्रमांकाचे ईसीएम मिळाले तर दहा मिनिटांत सारे पूर्ववत होईल. पुरवठा आणि अर्थ यांसाठी २.५ चौरस मिलिमीटरची वायर घेतली, इंजेक्टरांसाठी ०.७५ ची आणि संकेतांसाठी ०.५ ची. सगळे जोड क्रिंप केले, म्हणजे धातूच्या टोपीत दाबून बसवले. झाळकाम केलेला जोड टेबलावर सुंदर दिसतो, पण झाळ जिथे संपते तिथे वायर ताठ होते आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर वर्षभर हादरे बसले की बरोबर तिथेच तुटते. प्रत्येक जोडावर आतून गोंद असलेली उष्णतेने आकसणारी नळी चढवली. नेहमीची प्लॅस्टिक टेप वापरली नाही, कारण आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि बंद गाडीत त्या टेपचा चिकटा वितळून सारे वायरिंग राड होते. कापडी टेप टिकते. गाडी कापसाच्या कोठीशेजारी उभी राहते आणि तिथे उंदीर असतातच, म्हणून वरून जाड लहरी नळी घालून वायरिंग जमिनीलगत न नेता वरच्या बाजूने नेले.

कामाच्या दृष्टीने इंजेक्टर आणि कॉइल सोपे गेले. इंजेक्टरांचा रोध दोन्ही गाड्यांत १२ ते १६ ओहमच्या दरम्यान होता, कॉइल दोन्हीकडे साधी आणि दोन-दोन सिलिंडरांना एकत्र ठिणगी देणारी होती, त्यामुळे जागा बदलण्यापलीकडे काही करावे लागले नाही. हवेच्या दाबाचा सेन्सर पुण्याच्या गाडीचाच बसवला, कारण दोन्हींची मोजपट्टी वेगळी होती.

मुख्य रिलेने, म्हणजे ईसीएमचा पुरवठा चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचने, मात्र विचार करायला लावले. जुन्या गाडीत तो रिले चावीवर चालत असे. चावी बंद, रिले बंद. नवे ईसीएम हा रिले स्वतः अर्थ देऊन चालवते आणि चावी बंद झाल्यावरही काही सेकंद धरून ठेवते, कारण तेवढ्या वेळात ते निष्क्रिय गतीची (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनाची गती सांभाळणारी) स्टेपर मोटर ठरलेल्या जागी नेते आणि शिकलेली मूल्ये साठवते. रिले जुन्या पद्धतीनेच ठेवला तरी गाडी चालू होते. फक्त दर सकाळी ती नव्याने शिकते, कधी खूप वर तर कधी बंद पडण्याइतकी खाली धावते, आणि मालक कार्ब्युरेटरच्या काळातल्या सवयीने ॲक्सिलरेटर पंप करत बसतात. रिलेची नियंत्रण वायर ईसीएमच्या ताब्यात द्यायला जेमतेम अर्धा तास लागला.

इमोबिलायझरच्या बाबतीत दोन मार्ग होते. सॉफ्टवेअरने तो बंद करून देणारे लोक आहेत. चोरीच्या गाड्यांसाठीही हाच मार्ग वापरला जातो, म्हणून मी तो कधीच घेत नाही. त्याऐवजी भंगारातील गाडीचे ईसीएम, इमोबिलायझरची डबी, चावीच्या कुलपाभोवतीची अँटेना कॉइल आणि चिप असलेली मूळ चावी असा पूर्ण संच, गाडी मोडीत काढल्याच्या कागदांच्या प्रतींसह घेतला. कुलूप जुनेच ठेवले आणि पुण्याच्या चावीतील चिप आर्णीच्या चावीच्या मुठीत बसवली. त्या कागदांची एक प्रत मालकांच्या फाइलला लावली आहे.

दुसऱ्या ऑक्सिजन सेन्सरवर मालकांशी सर्वाधिक बोलणे झाले. पहिला सेन्सर धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी बसतो आणि मिश्रण सांभाळतो. दुसरा त्याच्यानंतर बसतो आणि कन्व्हर्टर काम करतो की नाही हे पाहतो. बाजारात दुसऱ्या सेन्सरच्या जागी रोधक आणि कपॅसिटर लावून ईसीएमला खोटा संकेत देणारा तुकडा मिळतो. मालकांच्या पुतण्याने तो सुचवलाही : "बारीकसा तुकडा तं हाय, काकाजी, कायले सायलेन्सर कापता?" मी नकार दिला. ईसीएम आपल्या सेन्सरांवर विश्वास ठेवून पेट्रोल मोजते, आणि त्या विश्वासाला एका जागी तडा दिला की पुढच्या प्रत्येक दोषाचा शोध आंधळा होतो. एक्झॉस्टचा पाइप गाडीवरून काढला, कन्व्हर्टरच्या नंतरच्या भागात १८ मिलिमीटर आट्यांची नळकांडी वेल्ड केली आणि खरा सेन्सर बसवला. पाइप काढूनच वेल्ड केला हे मुद्दाम सांगतो, कारण बॅटरी आणि ईसीएम जोडलेले असताना गाडीवर वेल्डिंग केल्याने मेलेली एककेही मी पाहिली आहेत. सेन्सरच्या तापकाला वेगळा फ्यूज दिला.

निदानाच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये जुन्या गाडीत फक्त ७ क्रमांकाची संवाद-वायर होती. नवे ईसीएम कॅन या दोन वायरींच्या पद्धतीने बोलते, म्हणून ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांपर्यंत पिळलेली जोडी नेली. कॅनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध लागतो. एक ईसीएमच्या आत होता, दुसरा सॉकेटकडच्या टोकाला लावला, आणि बॅटरी काढून मोजल्यावर ६० ओहम मिळाले.

जानेवारीच्या अखेरीस पहिल्यांदा चावी फिरवली. दिवा लागला, चिप ओळखली गेली, पेट्रोल पंप दोन सेकंद वाजून थांबला. त्यानंतर गाडी कधी लगेच चालू होई, कधी सेल्फ नुसता फिरत राही. चालू झालीच तर मिनिटाला २,५०० फेऱ्यांच्या वर अडखळे आणि एक्झॉस्टमध्ये फटका मारी. स्कॅनरवर पी ०३३६, म्हणजे इंजिनाच्या फिरण्याची स्थिती सांगणाऱ्या क्रँक सेन्सरच्या संकेतातला गोंधळ, असा कोड होता. सेन्सरचा रोध सुमारे ९०० ओहम, वायर अखंड, सेन्सर आणि दातेरी चाक यांतले अंतर बरोबर. दोन दिवस मी सेन्सरलाच दोष देत राहिलो, तिथे माझी चूक झाली.

व्होल्टेजचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप लावल्यावर कारण डोळ्यांसमोर आले. या इंजिनाच्या चाकावर ६० दातांची जागा आहे आणि त्यातील लागोपाठचे दोन दात नसतात, म्हणजे प्रत्यक्ष ५८ दात आणि दोन दातांमध्ये ६ अंश. चुंबकीय क्रँक सेन्सरसमोर दात येऊ लागला की व्होल्टेज एका बाजूला चढते, दात नेमका समोर असताना झटकन शून्य ओलांडून दुसऱ्या बाजूला जाते, आणि दोन दातांमधल्या मोकळ्या जागेत हळूहळू परत येते. ईसीएमने दातासमोरची ती झटक्याची ओलांड मोजायची असते. तशी मोजली तर क्रम ६, ६, ६ आणि हरवलेल्या दातांपाशी एकदम १८ अंश असा मिळतो. हे तिप्पट अंतर दिसले की ईसीएमला इंजिन कुठल्या स्थितीत आहे ते कळते. सेन्सरच्या दोन वायरींची अदलाबदल झाली की झटक्याची ओलांड ईसीएमच्या दृष्टीने उलट्या दिशेची होते आणि ते मोकळ्या जागेतली संथ ओलांड मोजू लागते. मग हरवलेल्या दातांपाशी एक १८ अंशांचे अंतर मिळण्याऐवजी १२-१२ अंशांची दोन मिळतात, आणि उरलेल्या सर्व दातांवर वेळ अर्ध्या दाताने, म्हणजे ३ अंशांनी सरकते. ईसीएम तिप्पट अंतर शोधत राहते, त्याला दोन दुप्पट सापडतात. कधी ते त्यातले एक मान्य करते, कधी दोन्ही नाकारते.

वायरी उलट कशा झाल्या? तक्त्यात या दोन पिनांसमोर मी "क्रँक सेन्सर" एवढेच लिहिले होते. अधिक कोणती आणि उणे कोणती हे लिहिले नव्हते. माझ्याकडे शिकणाऱ्या आयटीआयच्या मुलाने रंग जुळवून जोडणी केली, आणि पुण्याच्या गाडीत पांढऱ्या आणि काळ्या वायरींची कामे जुन्या गाडीच्या उलट होती. त्या मुलाने दिलेले काम नीट केले होते. तक्ता अपुरा होता आणि तो माझा होता. दोन पिना उपसून अदलाबदल केल्या, पिळलेल्या जोडीवरचे आवरण फक्त ईसीएमच्या बाजूला अर्थ केले, आणि इंजिन पहिल्या फिरकीत चालू होऊन ४,५०० फेऱ्यांपर्यंत सलग चढले. त्यानंतर माझ्या प्रत्येक तक्त्यात ध्रुवतेचा, म्हणजे अधिक-उणेचा, वेगळा रकाना असतो.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आर्णीहून यवतमाळला जाऊन परत येण्याची चाचणी घेतली, निष्क्रिय गती पंख्यासह आणि पंख्याविना पाहिली, सेन्सरांच्या नोंदी तपासल्या. पीयूसीमध्ये कार्बन मोनॉक्साइड ०.१२ टक्के आला. स्टेज ३ च्या पेट्रोल गाडीला ०.५ टक्क्यापर्यंत मुभा आहे. नोंदणी पुस्तिकेत गाडी स्टेज ३ चीच आहे आणि तशीच राहील. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा रोख नोंदणीतील तपशिलाशी न जुळणाऱ्या बदलांवर आहे. इथे इंजिन, इंधन आणि चासी तीच आहेत, तरी काय बदलले याचे पत्र तयार करून एक प्रत मालकांना दिली आणि एक विमा कंपनीला पाठवायला सांगितली. पुढे वाद निघाला तर कागद मालकांच्या हाती असावा, एवढाच हेतू होता.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पेरणीच्या धांदलीत, 'चेक इंजिन'चा दिवा पुन्हा लागला. गाडी उत्तम चालत होती. कोड होता पी ०४२० : कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी. दुसऱ्या सेन्सरच्या संकेताचा आलेख पाहिला तर तो पहिल्या सेन्सरसारखाच वरखाली होत होता; कन्व्हर्टर धड असता तर तो जवळपास स्थिर राहिला असता. बारा वर्षांहून जुना हा कन्व्हर्टर डिसेंबरापूर्वीही थकलेलाच असणार, पण जुन्या ईसीएमला ते पाहण्यासाठी सेन्सरच नव्हता. मालकांना दोन्ही आलेख शेजारी-शेजारी दाखवले. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "म्हंजे हे आधीपासूनच व्हतं, आता दिसून राह्यलं." कन्व्हर्टर सोयाबीन विकल्यावर, दिवाळीच्या आधी बदलायचा ठरला आहे. तोवर दिवा लागलेलाच राहील, आणि दर महिन्याला येऊन दुसरा कुठला कोड त्याच्याआड लपला नाही ना, हे मी स्कॅनरवर पाहून देणार आहे.